मुलगा की मुलगी? – एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

घरात मूल जन्मले की पेढे वाटायचे की बर्फी, हे आपल्याकडे क्षणात ठरते. परंतु पेढ्यांची वेळ कोणामुळे आली आणि बर्फीची कोणामुळे, हे ठरविण्यास मनुष्यजातीला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. तेवढ्या काळात घरोघरी एक उत्तर मात्र तयारच असे. मुलगी झाली तर ती सुनेमुळे! या उत्तरापायी किती संसार नासले आणि किती सवती घरात आल्या, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. म्हणूनच या प्रश्नाचा इतिहास पाहणे ही नुसती ज्ञानाची हौस नव्हे, असे आम्हांस वाटते. अशा विषयावर आज चारचौघांत बोलता येते, याचे श्रेय १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढणाऱ्या र. धों. कर्व्यांसारख्यांना आहे. त्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

प्राचीनांनी या बाबतीत तर्क पुष्कळ केले. गर्भाशयाच्या उजव्या बाजूस वाढतो तो मुलगा व डाव्या बाजूस वाढते ती मुलगी, असे ग्रीसमध्ये काहीजण मानीत. अॅरिस्टॉटलने जनावरांचे विच्छेदन करून दाखविले की, नर व मादी असे दोन्ही गर्भ एकाच बाजूस सापडतात. एवढे करून स्वतः मात्र तो दुसऱ्या तर्कात अडकला. पुरुषबीजाची उष्णता कमी पडली की मुलगी होते, असे त्याने ठरविले. आपल्या आयुर्वेदाने शुक्र प्रबळ असता पुत्र, आर्तव प्रबळ असता कन्या, आणि दोन्ही समान असता नपुंसक अशी मांडणी केली. ती आज टिकत नाही. पण तिने आई व बाप दोघांचाही वाटा धरला होता, हे विसरता कामा नये. सारा दोष एकट्या स्त्रीचा, हा सिद्धांत निदान या ग्रंथांचा नव्हे. तो माजघरातला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातही चांगले चांगले शास्त्रज्ञ आईच्या आहारावर आणि हवामानावर बोट ठेवीत होते. हे चित्र पालटले ते अमेरिकेतील एका शिक्षिकेने, आणि तेही पिठात होणाऱ्या एका किड्यावरून. नेटी स्टीव्हन्स यांचा जन्म १८६१ चा. शाळेत शिकवून पैसे साठवीत साठवीत त्या पस्तिसाव्या वर्षी विद्यापीठात गेल्या आणि १९०३ साली ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडल्या. पेशीच्या केंद्रात गुणसूत्रे नावाचे दोऱ्यासारखे तुकडे असतात, हे तेव्हा ठाऊक होते. त्यांतील एखाद्याचा लिंगाशी संबंध असावा, अशी शंकाही कोणी कोणी बोलून दाखवीत होते. स्टीव्हन्सबाईंनी ते चिकाटीने मोजले. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे आणि नराच्या पेशीत एकोणीस मोठी व एक अगदी लहान! नराची निम्मी बीजे ते लहान गुणसूत्र घेऊन निघत, निम्मी त्याच्या जोडीचे मोठे घेऊन. मादीच्या बीजांडांत असा फरक नव्हताच. १९०५ साली त्यांनी निष्कर्ष छापला : लहान गुणसूत्र असलेले बीज बीजांडाला मिळाले की नर, एरवी मादी. याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे अशाच निर्णयाला पोहोचले, आणि पुढे पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा त्यांचेच नाव राहिले. बाई १९१२ मध्ये, पन्नाशीतच, कर्करोगाने गेल्या.

किड्यावरून माणसापर्यंत येण्यास मात्र आणखी अर्धे शतक लागले. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे शेहेचाळीस, हे देखील १९५६ मध्येच नक्की झाले. १९५९ साली दोन एक्स व एक वाय असे गुणसूत्र असलेले पुरुष आणि एकच एक्स असलेल्या स्त्रिया तपासण्यात आल्या, तेव्हा खुलासा झाला. एक्स कितीही असोत. वाय असला तर गर्भ मुलग्याच्या वाटेने जातो. आईकडे वाय नसतोच. तो यायचा असला तर बापाकडूनच यायचा.

येथे गोष्ट संपली असे पुष्कळांना वाटते. पण तिचा दुसरा प्रवाह अजून उरला आहे. १८४९ साली जर्मनीत गॉटिंगेन येथे बेर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा खुरटला, आरवणे गेले, झुंजण्याची खुमखुमीही गेली. मात्र तेच वृषण पोटात दुसरीकडे बसविले, तर कोंबडा पुरता कोंबडाच राहिला. मज्जातंतू तुटलेले असताना हे घडले, अर्थात वृषणातून काहीतरी रक्तात उतरत होते. पुढे अर्धशतक या प्रयोगाची कोणी दखल घेतली नाही. अशा द्रव्यांना हार्मोन हे नाव लंडनमध्ये स्टार्लिंग यांनी दिले, तेही त्याच १९०५ साली. आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

हे दोन प्रवाह फ्रान्सच्या आल्फ्रेड जोस्ट यांनी जोडले. सशाच्या गर्भात वृषण तयार होत असतानाच त्यांनी ते काढून टाकले. १९४७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की, असे गर्भ गुणसूत्रांनी नर असूनही मादीच्या शरीराने वाढले. माणसाचा गर्भही सुमारे सहा आठवड्यांपर्यंत एकसारखाच असतो. दोन्ही प्रकारच्या नलिकांची तयारी त्यात असते. पुढे वृषण झाले तर त्याचे एक संप्रेरक पुरुषाच्या नलिका जोपासते आणि दुसरे गर्भाशयाची नलिका जिरवून टाकते. वायवरील ज्या जनुकामुळे वृषण घडण्यास आरंभ होतो, ते १९९० साली लंडनमध्ये सापडले. अंडाशय आपोआप होते, हा समजही नंतर मागे पडला. त्यासाठी लागणारी जनुके वेगळी आहेत.

म्हणजे गुणसूत्र ही पहिली पायरी, शेवटची नव्हे. स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीतील धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिला याचा कडू अनुभव आला. १९८५ मध्ये कोबे येथील स्पर्धेत तिच्या पेशीत वाय आढळला. ती जन्मापासून स्त्री म्हणून वाढलेली; तिच्या पेशी पुरुषी संप्रेरकाला दादच देत नव्हत्या. तरी तिला खेळातून काढले, वृत्तपत्रांतून तिची अब्रू गेली, ठरलेले लग्न मोडले. तीन वर्षे झगडून १९८८ मध्ये तिने आपला हक्क परत मिळविला.

आपल्याकडे हे ज्ञान पोहोचले ते निराळ्या वाटेने. गर्भजलातील पेशींची परीक्षा निघाली ती आनुवंशिक रोग हुडकण्यासाठी. पण एका किड्यात एका बाईने ओळखलेले ते लहान गुणसूत्र येथे गर्भातच शोधले जाऊ लागले, आणि ते नसेल तर गर्भपात! पुढे सोनोग्राफी आली आणि काम अधिकच सोपे झाले. बापाकडून काय आले, हे तेथे कोणी विचारीत नव्हते. वेदना तेवढ्या आईच्या वाट्याला. स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठविला, आणि १९८८ साली गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा झाला म्हणून प्रकार थांबला, असे म्हणावयास आम्ही धजत नाही. १९९१ च्या जनगणनेत या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ भरल्या.