सरकी कोणाची?

कापसाच्या मोसमात विदर्भातल्या पुलगावच्या बाजारात दोन प्रकारचं जिनिंग चालतं. एका प्रकारात गिरणीवाला स्वतः कापूस विकत घेतो, रुई काढतो, गाठी बांधतो आणि सूतगिरणीला विकतो. दुसऱ्यात कापूस त्याचा नसतोच. भारतीय कपास निगम, म्हणजे सगळे ज्याला सीसीआय म्हणतात ते, हमीभावाने कापूस घेतं आणि खासगी जिनिंगवाल्याशी करार करून त्यातून रुई काढून घेतं. यंत्रं, मजूर आणि प्रेस गिरणीवाल्याचे, कापूस निगमाचा. गिरणीवाल्याला प्रक्रियेचा दर मिळतो. क्विंटलमागे रुई किती उतरली पाहिजे आणि घट किती चालेल, हे आधीच लिहून घेतलेलं असतं. बाहेर पडणारी सरकीसुद्धा निगमाचीच असते आणि निगम ती ई-लिलावाने विकतं.

माहिती तंत्रज्ञानाच्या धंद्यात गेल्या पंचवीस वर्षांत जो मोठा पालट झाला, तो समजायला हा दुसरा प्रकार पुरेसा आहे. पूर्वी पेढीने संगणक घ्यायचा, आज्ञावलीचा परवाना घ्यायचा, वर्षाची देखभाल ठरवायची आणि बंद पडलं की दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसायचं. आता यंत्र दुसऱ्याच्या दारी, आज्ञावली दुसऱ्याची, आपण फक्त हिशेबाचा कच्चा माल पाठवायचा आणि वापराचे पैसे मोजायचे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीने ग्राहकांच्या नोंदींची आज्ञावली इंटरनेटवरून भाड्याने द्यायला सुरुवात केली. २००६ मध्ये अॅमेझॉनने साठवण आणि गणनशक्तीच भाड्याने देऊ केली. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०११ मध्ये या प्रकाराची व्याख्या केली आणि तिची पाच लक्षणं सांगितली: हवं तेव्हा स्वतः घेता येणं, जाळ्यावरून कुठूनही वापरता येणं, अनेक ग्राहकांमध्ये साधनं वाटलेली असणं, गरजेप्रमाणे झटपट वाढवता-घटवता येणं आणि वापर मोजला जाणं. या पाचांपैकी शेवटची दोन लक्षणं पुलगावसारख्या ठिकाणी कशी वागतात, तिथे खरी गंमत आहे.

त्याआधी एक लाडका दृष्टान्त बाजूला सारतो. संगणकसेवा विजेसारखी होणार, असं सांगितलं जातं. कारखान्यांनी आपापली इंजिनं मोडीत काढून तारेवरची वीज घेतली, तसंच इथेही होईल म्हणे. खर्चापुरता हा दृष्टान्त ठीक आहे, पुढे तो फसवतो. वीज वापरली की संपली. तिच्याजवळ तुमचं काही उरत नाही. वीजपुरवठादार बदलला तर मोटरीला त्याचा पत्ताही लागत नाही. जिनिंगमध्ये मात्र तुमचा माल दुसऱ्याच्या आवारात जातो, रूप बदलतो आणि परत यायचा असतो. संगणकसेवेत नेमकं हेच होतं. म्हणून मीटरच्या रीडिंगपेक्षा काटापट्टीची, म्हणजे वजनाच्या पावतीची, भाषा इथे जास्त उपयोगी पडते.

पुलगावसारख्या गावात हा पालट हौसेने आलेला नाही. तो कायद्याच्या दाराने आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि विवरणपत्र भरायचं म्हणजे जाळ्यावर जाणं अटळ झालं. मग ई-वे बिल आलं. मग ई-इनव्हॉइस: सुरुवातीला ५०० कोटींवरच्या उलाढालीला, आणि पायरीपायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला. पाच कोटी म्हणजे मोठी पेढी असं वाटेल, पण हिशेब करून पाहू. समजा, रुईची खंडी ५५,००० रुपयांना गेली. खंडी ३५६ किलोची आणि गाठ सुमारे १७० किलोची. पाच कोटी रुपये म्हणजे जेमतेम १,९०० गाठी. दिवसाला ५० गाठी बांधणारी गिरणी अडतीस दिवसांत तिथे पोचते, आणि मोसम तर पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे स्वतः कापूस घेऊन गाठी विकणारी जवळजवळ प्रत्येक चालती गिरणी या जाळ्यात आली. सूतगिरणीला माल पाठवताना सरकारी पोर्टलवरून बिलाचा नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय ते बिल कायद्याने बिलच नाही. दिवाणजींच्या खतावणीला यात जागा उरली नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनेही हेच घडलं. गावची सेवा सहकारी सोसायटी घ्या (नावातच ‘सेवा’ आहे, हा योगायोगच). २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या अशा ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. नाबार्डमार्फत सगळ्यांसाठी एकच सामाईक आज्ञावली, तीही मध्यवर्ती यंत्रणेवर. सोसायटीच्या सचिवाने संगणकतज्ज्ञ ठेवावा ही अपेक्षाच नाही, आणि ते बरोबर आहे. एकेका सोसायटीने आपापली आज्ञावली लिहून घेणं म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याने अंगणात रेचा बसवण्यासारखं झालं असतं.

आता लवचीकतेचं. गरजेप्रमाणे वाढवा, गरज संपली की कमी करा, हे या पद्धतीचं सर्वांत मोठं आश्वासन. कापसाच्या धंद्याला याहून सोयीचं काय असणार? दिवाळीच्या सुमारास आवक सुरू होते, उन्हाळ्यात आटते आणि पावसाळ्यात गिरणीच्या आवारात चिटपाखरू नसतं. पण छोट्या पेढीला विकल्या जाणाऱ्या हिशेबाच्या सेवा बहुधा माणशी आणि वर्षाच्या बोलीवर विकल्या जातात. काट्यावर मोसमापुरतं बसणाऱ्या माणसाचं खातं बारा महिने भरायचं. गणनशक्ती तासावर मिळते ती ज्याला ती वापरता येते त्याला, म्हणजे त्या आज्ञावलीवाल्या कंपनीला. लवचीकता वरच्या पायरीवर घाऊकीत विकत घेतली जाते आणि खालच्या पायरीवर वर्षाच्या ठरीव दराने विकली जाते. मधला फायदा मधल्याचा. हा अन्याय आहे असं मी म्हणत नाही. अडत्याही जोखीम घेऊनच अडत घेतो. पण ‘वापराल तेवढंच मोजाल’ हे वाक्य मोसमी धंद्याने शब्दशः घेऊ नये.

बंद पडण्याचा हिशेब याहून नाजूक. करारात ९९.९ टक्के उपलब्धता लिहिलेली असते. उरलेला शून्य पूर्णांक एक टक्का म्हणजे वर्षात सुमारे पावणेनऊ तास. हे तास जुलैत गेले तर कोणाला कळणारही नाही. तेच जानेवारीतल्या एका दिवसात गेले, तर फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागेल आणि भरलेला ट्रक बिलावाचून उभा राहील. करार दोन्हींना सारखाच मोजतो. मोठ्या पुरवठादारांच्या करारांत भरपाई म्हणजे साधारणपणे पुढच्या बिलातली सूट, ट्रक थांबल्याचं नुकसान नव्हे.

आणि एकाच दारी अनेकांचा माल असला की एका ठिणगीचा हिशेबही वेगळा होतो. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाल्यामुळे देशाचं पेमेंट जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिची यंत्रणा त्या जाळ्यापासून तात्पुरती तोडली. ही कंपनी स्टेट बँक आणि टीसीएस यांची भागीदारी आणि ती प्रामुख्याने सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा पुरवते. सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक यूपीआयसारख्या व्यवहारांना मुकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. या बँकांनी स्वतःची यंत्रणा चालवली असती तर त्या जास्त सुरक्षित राहिल्या असत्या का? मला तसं वाटत नाही. एखाद्या छोट्या बँकेला सुरक्षेचा एक चांगला माणूस परवडणं कठीण. पण तीनशे बँकांचे व्यवहार एकाच वेळी बंद पडले नसते, हेही खरं. जोखीम घटली आणि त्याच वेळी एका जागी साठली.

मालक एक आणि चालक दुसरा, ही रचना पुलगावने फार आधी पाहिलेली आहे. पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची गाडी यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ गाडीची सख्खी बहीण. रूळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे, कंपनी किलिक निक्सनची. गाडी चालवायची जीआयपी रेल्वे आणि पुढे मध्य रेल्वे. देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मालकी खासगीच राहिली. उत्पन्नाच्या वाटणीचा करार होता. पण रुळांवर नवा पैसा कोणी घालायचा, हा प्रश्न मालक आणि चालक यांच्यामध्ये लोंबकळत राहिला आणि गाडी शेवटी थांबली. संगणकसेवेच्या करारात ‘दुरुस्ती’ आणि ‘सुधारणा’ हे दोन शब्द वेगळे का लिहायला हवेत, ते सांगायला याहून जवळचं उदाहरण मला सापडत नाही.

राहिली सरकी. पेढीने आपले सौदे सेवेवर टाकले की रुई, म्हणजे ताळेबंद आणि विवरणपत्र, परत येते. पण वापरातून आणखी काही निघतं: कोणत्या आठवड्यात कोणत्या भावाने किती माल घेतला, कोणती सूतगिरणी किती दिवसांनी पैसे देते. शेकडो पेढ्यांच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर बाजाराची नाडी हाती येते. ही सरकी कोणाची? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा माणसांच्या माहितीचा आहे, पेढीच्या सौद्यांचा नाही. संगणकसेवा बाहेरून घेण्याबाबत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये सविस्तर निर्देश दिले. सेवा सोडण्याची योजना आधीच तयार ठेवावी, असं त्यांत सांगितलं होतं. ते वित्तसंस्थांपुरते होते आणि छोट्या नागरी सहकारी बँकाही त्यांच्या बाहेर होत्या. जिनिंगवाल्याला उरतो तो त्याचा करार, आणि तो बहुधा पडद्यावर ‘मान्य’ दाबून झालेला असतो.

निगम कापूस जिनिंगला देताना सरकीचं कलम विसरत नाही. तेच कलम इथे लिहून घ्यायचं तर त्यात एक आकडा यायला हवा: बहात्तर. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने हिशेबवह्या जपाव्या लागतात. सेवेचं भाडं मात्र वर्षाचं असतं. ज्या दिवशी ते थकेल किंवा पेढी दुसरीकडे जाईल, त्या दिवशी या मुदतीतल्या सगळ्या मोसमांच्या काटापट्ट्या कोणत्या रूपात, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने परत मिळतील, हे पावसाळ्यातच विचारून घ्यावं. तेव्हा काट्यावर गर्दी नसते.