‘ढ’ कोणाला म्हणावं?

जुन्नरहून नाणेघाटात गेलात, तर तिथल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांचा ब्राह्मी लेख दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वीची ती अक्षरं. ब्राह्मीपासून आजच्या बाळबोध लिपीपर्यंत येताना बहुतेक अक्षरांनी रूप पालटलं. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात सुधारणा दिसत नाही अशा मुलाला ‘ढ’ म्हणू लागले, असं सांगतात. अक्षराचं ठीक आहे. पण मूल तसंच राहणार, हे कोणी ठरवायचं?

१९०४ साली पॅरिसमध्ये सरकारपुढं असाच प्रश्न आला. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखावीत कशी? आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली त्यासाठी चाचणी तयार केली. मुलावर शिक्का मारावा हा हेतू नव्हता. कोणाला वेगळी मदत हवी ते कळावं, एवढंच.

ती चाचणी जशीच्या तशी आपल्याकडे कशी चालणार? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात ती कानडी व मराठी मुलांसाठी नव्यानं बसवली. त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. त्याआधी १९३७ साली मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेनं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं होतं. पुण्यात १९६२ साली मानसशास्त्राचे अभ्यासक आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली.

या कामासाठी शिकावं तरी काय लागतं? पदवीनंतर दोन वर्षं एम.ए. करावं लागतं. पण नुसत्या पुस्तकांनी भागत नाही. चाचणी घेणं, मुलाशी, आईबापांशी, गुरुजींशी बोलणं, हे जाणत्याच्या देखरेखीखाली शिकायचं असतं. मनोविकारांचं निदान व उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला तर १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते.

आंबेगावच्या पश्चिमेकडचं मूल घ्या. हिरडा कधी झोडायचा, कसा वाळवायचा, हे त्याला तोंडपाठ. त्याला शहरातल्या वस्तूंची चित्रं दाखवून उत्तर आलं नाही, तर उणीव मुलाची की प्रश्नाची? आणि ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा वेळी घरची माणसं गमावलेलं मूल वर्गात गप्प बसलं, तर ते मंदबुद्धी नसतं. ते दुःखात असतं. हा फरक ओळखायला शिकलेलं माणूस लागतं.

असं माणूस प्रत्येक गावात कुठून येणार, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण गुरुजी, पहिली पारख तर तुमच्याच हाती आहे. मुलाला फळा दिसतो का? ऐकू येतं का? घरची बोली निराळी आहे का? पोटात काही गेलंय का? एवढं आधी बघा. मग गरज वाटली, तर तज्ज्ञाकडं पाठवा. एकदा ‘ढ’ ठरलेलं मूल हळूच शाळेतून नाहीसं होतं आणि हजेरीपटावर नुसतं नाव उरतं. बिनेनं चाचणी केली ती हे टळावं म्हणूनच.