ऐंशी अक्षरांची ओळ आणि कागदाची कड

ओळ कुठे तुटायची, किती जागा मोकळी ठेवायची, कोणत्या अक्षराखाली कोणते अक्षर यायचे, हे लिहिणाऱ्याने आधीच पक्के केलेला मजकूर म्हणजे पूर्वरचित मजकूर. संगणकाचे प्रोग्रॅम, हिशेबाचे तक्ते, अधिकची चिन्हे आणि आडव्या-उभ्या रेघा जुळवून काढलेल्या आकृत्या ही त्याची नेहमीची उदाहरणे. वेबपानावर तो बिनबोभाट दिसतो आणि छापायला घेतला की उजवी बाजू कापली जाते, ही तक्रार वेबइतकीच जुनी आहे. तिचे मूळ मात्र वेबच्याही कितीतरी आधीच्या यंत्रांत आहे.

रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये टंकलेखन यंत्र बाजारात आणले. कळ कोणतीही दाबा, कागद धरणारा गाडा एकच घर सरके, त्यामुळे बारीक अक्षरालाही रुंद अक्षराइतकीच जागा मिळे. पुढे इंचाला १० अक्षरांचे ‘पायका’ आणि १२ अक्षरांचे ‘एलिट’ अशी दोन मापे रुळली. आयबीएमने १९२८ मध्ये आपल्या पंच कार्डावरची भोके गोलाऐवजी आयताकृती केली आणि ७⅜ इंच लांबीच्या कार्डात ८० रकाने बसवले. हा ८० चा आकडा पुढे दीर्घकाळ टिकला. फोर्ट्रान भाषेत मात्र सातव्या ते बहात्तराव्या रकान्यातच आज्ञा लिहायची, कारण आयबीएम ७०४ चे कार्डवाचक यंत्र ७२ रकान्यांपुढचे वाचतच नसे. १९६३ च्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राची ओळही ७२ अक्षरांचीच होती.

मोठ्या कार्यालयांत वेगळीच तऱ्हा. १९५९ च्या आयबीएम १४०३ प्रिंटरची ओळ १३२ अक्षरांची, आणि तिच्यासाठी जवळजवळ पंधरा इंच रुंदीचा, दोन्ही कडांना भोके असलेला सलग कागद लागे. १९७८ मध्ये आलेल्या व्हीटी १०० टर्मिनलवर ८० आणि १३२ अशा दोन्ही रुंदींची सोय होती. भारतात हा रुंद कागद बँकांच्या खतावण्यांमुळे आणि रेल्वेच्या डब्यावर चिकटवलेल्या आरक्षण तक्त्यांमुळे सर्वांच्या ओळखीचा झाला. अरुंद डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर हेच काम करायचे तर अक्षरे दाटीवाटीने छापत. एप्सनचा एमएक्स-८० अशा रीतीने आठ इंचांत १३२ अक्षरे बसवी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे हाल होत, पण रकाना मोडत नसे.

उंचीचाही असाच हिशेब होता. ११ इंचांचा कागद, इंचाला सहा ओळी, म्हणजे पानाला ६६ ओळी. युनिक्समधला ‘पीआर’ हा प्रोग्रॅम आजही पान ६६ ओळींचेच धरतो. इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या आरएफसी दस्तऐवजांची मालिका १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या लेखकांसाठी घालून दिलेला दंडक असा होता: ओळीत ७२ अक्षरे, पानात ५८ ओळी आणि पान संपले की कागद पुढे ढकलणारे खास चिन्ह.

वेबने ही शिस्त सोडली. खिडकी लहानमोठी करता येते, त्याप्रमाणे ओळ वाहते, हीच वेबपानाची मूळ कल्पना. जुना मजकूर जसाच्या तसा दाखवण्यासाठी वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेमध्ये ‘प्री’ हा टॅग ठेवला गेला. नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये या टॅगला ‘विड्थ’ असे एक गुणवैशिष्ट्य होते: ओळ किती अक्षरांची आहे ते सांगायचे आणि ब्राउझरने त्याला बेतशीर अक्षर निवडायचे. उपाय अगदी मुळावरचा होता. ब्राउझर बनवणाऱ्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही आणि १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ ने तो टाळावयाच्या गोष्टींत टाकला. एक चांगली कल्पना केवळ दुर्लक्षाने वाया गेली, असेच म्हणावे लागेल.

त्यानंतर सगळा भार वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेवर आला. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत ओळी जशाच्या तशा ठेवण्याची सोय होती; ओळी ठेवून जास्तीचा भाग खाली वळवण्याची नव्हती. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने छपाईसाठी वेगळे नियम लिहिण्याची मुभा दिली. ‘प्री-रॅप’ हे हवे असलेले मूल्य २.१ या आवृत्तीत आले, पण तिला अंतिम मान्यता मिळेपर्यंत २०११ साल उजाडले. मधल्या काळात वेबपाने बनवणारे एकच आज्ञा पाच-पाच प्रकारे लिहीत: एक प्रमाण, एक मोझिलासाठी, दोन ऑपेराच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांसाठी आणि एक इंटरनेट एक्सप्लोररसाठी. ज्या ब्राउझरला जी ओळ कळे ती तो घेई, बाकीच्या सोडून देई. इंटरनेट एक्सप्लोररने २००६ च्या सातव्या आवृत्तीत अख्खे पानच कागदाच्या रुंदीत आकसून छापण्याची सोय दिली. तिचा तोटा असा की एका लांबलचक ओळीपायी सगळा लेख बारीक होई.

दुसरा घोळ स्क्रोलपट्टीचा. लांब ओळींची चौकट पडद्यावर बाजूला सरकवता येते. कागदावर पट्टी छापली तरी सरकणार कुठे? म्हणून छपाईच्या नियमांत ही चौकट मोकळी करावी लागते.

मापाचा हिशेब सरळ आहे. कूरिअर अक्षराची रुंदी त्याच्या उंचीच्या ०.६ पट असते. १० पॉइंटांत ८० अक्षरे घेतली की ४८० पॉइंट होतात. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर समास सोडला तर उरतात १७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४८२ पॉइंट. कार्डाची ओळ ए४ वर जेमतेम, पण बसते. १३२ अक्षरांसाठी मात्र सहा पॉइंटांपर्यंत उतरावे लागते. त्यापेक्षा कागद आडवा करून नऊ पॉइंट ठेवणे बरे.

ओळ वळवणे हा सरसकट उपाय नव्हे. प्रोग्रॅमची ओळ वळली तरी अर्थ लागतो. पायथनसारख्या भाषेत मात्र ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाच अर्थ असतो, तिथे वळलेला तुकडा नवी ओळ वाटू नये म्हणून ओळींना क्रमांक देणे शहाणपणाचे. आरएफसीमधली आकृती घेतली तर ३२ बिटांची ओळ, प्रत्येक बिटाला दोन अक्षरे आणि शेवटचे एक, म्हणजे ६५ अक्षरे. तिच्यातली दोन अक्षरे खाली घसरली की आकृतीच उरत नाही. अशा ठिकाणी अक्षर लहान करावे आणि आकृती दोन पानांत तुटणार नाही असा नियमही लावावा.

देवनागरीत आणखी एक अडचण येते. ‘त्र’, ‘क्ष’, ‘र्‍या’ यांना समान रुंदीच्या घरांत कोंबता येत नाही, मात्रा-उकार तर स्वतंत्र घर मागतच नाहीत. त्यामुळे मोकळ्या जागा मोजून जुळवलेला मराठी तक्ता फॉन्ट बदलताच विस्कटतो. त्याला एचटीएमएलचा खराखुरा तक्ताच लागतो.

आरएफसींनी २०१९ पासून मूळ प्रत एक्सएमएलमध्ये ठेवायला सुरुवात केली. साध्या मजकुराच्या प्रतीतून पानांची विभागणी गेली, ५८ ओळींचा नियमही गेला. ७२ अक्षरांची मर्यादा तेवढी ठेवली आहे.