उपग्रहाचे नाव भास्कर, मठाचा खर्च पाटणच्या बाजारातून

#धागा

१/ ७ जून १९७९. सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून भारताचा दुसरा उपग्रह अवकाशात गेला. त्याचे नाव ‘भास्कर-१’. भास्कर नावाच्या दोन गणितज्ञांचे स्मरण म्हणून हे नाव ठेवले गेले. त्यांपैकी बाराव्या शतकातील भास्कराचार्यांचा माग काढत गेले की आपण खानदेशात पोहोचतो.

२/ चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशीत पाटण आहे, आजचे पाटणादेवी. येथील शके ११२८ (सन १२०७) चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या जन्मगावाचा वाद आपण हिरीरीने घालतो. लेखाचा विषय मात्र निराळा आहे: विद्येचा खर्च कोणी आणि कशातून भागवायचा?

३/ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणला मठ स्थापला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले. निकुंभ हे यादवांचे मांडलिक, म्हणजे सत्ता तशी लहानच.

४/ लेखाचा बहुतांश भाग संस्कृतात आहे. पण उत्पन्नाचा तपशील येतो तो तत्कालीन मराठीत. पाटणच्या बाजारातील मालावर राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले गेले, तेलाच्या घाण्यांवरही मठाचा हक्क ठरला. ग्रहगणिताचे अध्यापन असे गावच्या बाजारहाटावर उभे होते.

५/ आता साडेसातशे वर्षे पुढे येऊ. १९६० च्या दशकातील भारत विस्ताराने मोठा, पण साधनांनी लहान देश होता. गहू अमेरिकेतून येई. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून उडालेले पहिले रॉकेटही अमेरिकी होते. १९७५ चा ‘आर्यभट’ आपण घडवला, पण तो सोव्हिएत रॉकेटवरून गेला. उसने काय घ्यायचे आणि स्वतः काय शिकायचे, याचा हा विचारपूर्वक लावलेला क्रम होता.

६/ ‘भास्कर-१’ वर पृथ्वीची चित्रे घेणारे दोन टीव्ही कॅमेरे आणि समुद्राच्या अभ्यासासाठी ‘समीर’ हे सूक्ष्मतरंग उपकरण होते. कॅमेऱ्यांनी सुरुवातीलाच त्रास दिला. दोनच महिन्यांनी, १० ऑगस्ट १९७९ रोजी, स्वदेशी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले.

७/ तरीही काम थांबले नाही. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ यशस्वी झाले. २० नोव्हेंबर १९८१ रोजी ‘भास्कर-२’ गेला. त्या अनुभवावर १९८८ चा ‘आयआरएस-१ए’ उभा राहिला. तोही सोव्हिएत रॉकेटवरूनच गेला. ऑक्टोबर १९९४ मध्ये मात्र आपला दूरसंवेदन उपग्रह आपल्याच पीएसएलव्हीने कक्षेत नेला. ‘भास्कर-१’ पासून पंधरा वर्षे!

८/ या पंधरा वर्षांत प्रयोगशाळा चालू राहिल्या, चुका करणारी माणसे कामावर राहिली, पुढची पिढी त्यांच्या हाताखाली शिकली. साखर कारखान्यांची यंत्रे घडवणाऱ्या वालचंदनगरसारख्या कारखान्यांत रॉकेटच्या मोटारींची कवचे तयार होऊ लागली. एकट्या प्रतिभावंताच्या बळावर हे घडत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे न आटणारे उत्पन्न लागते. चांगदेवाला हे ठाऊक होते. आजोबांची कीर्ती दूरवर पसरलेली असूनही त्याने मठाच्या खर्चाची तजवीज दगडावर कोरून ठेवली.

९/ पाटणचा तो मठ आज नाही. ‘भास्कराचार्य आमचे’ असे जळगाव-धुळ्यात आपण अभिमानाने म्हणतो, आणि म्हणावेही. पण जयंतीचा फलक लावताना एवढे पाहू या: आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात गणिताच्या प्राध्यापकाची जागा भरलेली आहे काय? एका मांडलिकाने सन १२०७ मध्ये सोडवलेला प्रश्न हाच होता.

(धागा समाप्त. पाटणादेवीला गेला असाल, तर आपले अनुभव अवश्य लिहा.)