तकाकीखालचा तडा

काचेच्या दुकानातील कारागीर तावदान कापतो तेव्हा ते आरपार कापीत नाही, हे पुष्कळांनी पाहिले असेल. हिरकणीने तो काचेवर एक बारीक रेघ ओढतो, हलकासा दाब देतो आणि काच त्या रेघेवरच दुभंगते. एवढ्या जाड काचेला ती केसाएवढी रेघ पुरते कशी? ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठी विज्ञानाला फार दूरचा प्रवास करावा लागला. त्याचीच ही थोडक्यात हकीकत.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी सुईचे टोक व वस्तऱ्याची धार पाहिली, तेव्हा नुसत्या डोळ्यांना निर्दोष वाटणारे ते पोलाद ओबडधोबड आणि ओरखड्यांनी भरलेले दिसले. पुढे १७०४ मध्ये न्यूटन यांनी ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात असे मत मांडले, की झिलईमुळे ओरखडे नाहीसे होत नाहीत. ते दिसू नयेत इतके बारीक होतात, एवढेच.

हे मत जवळजवळ दोनशे वर्षे टिकले. १९०१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी निराळा विचार मांडला. काच घासताना तिचे कपचे उडतात; झिलई करताना मात्र द्रव्य अत्यंत सूक्ष्म प्रमाणात, जणू रेणूरेणूने निघते. तेव्हा घासणे आणि झिलई ह्या दोन भिन्न क्रिया होत, असे त्यांचे म्हणणे. त्याच सुमारास जॉर्ज बेल्बी यांना धातूंमध्ये एक चमत्कारिक गोष्ट आढळली. झिलई केलेल्या पृष्ठावर आम्लाची क्रिया केली, की पुसले गेलेले जुने ओरखडे पुन्हा वर येत! म्हणजे ते गेलेच नव्हते. वरून पसरलेल्या पातळ थराने ते झाकले होते. बेल्बींच्या उपपत्तीत पुढे बरेच फेरफार झाले, पण झाकलेली इजा हा मुद्दा कायम राहिला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीतील येना येथून ब्रिटनला येणारी उत्तम काच बंद झाली. दुर्बिणी व तोफांचे नेम धरण्याची उपकरणे यांसाठी भिंगे तर हवीच होती. साहजिकच काच आणि तिचे घासकाम यांच्या अभ्यासाला जोर आला. १९२२ मध्ये एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी घासलेल्या काचेचे परीक्षण करून दाखवले, की वर दिसणाऱ्या खळग्यांच्याही खाली बारीक तड्यांचा एक थर असतो.

ह्याच काळात फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत ए. ए. ग्रिफिथ हे अभियंते एका कोड्यात पडले होते. यंत्राच्या भागावर कातकामाचे बारीक ओरखडे राहिले, तर तो भाग वारंवार बदलत्या भाराखाली लवकर का मोडतो? उत्तरासाठी त्यांनी काचेचे धागे ओढून तोडून पाहिले. सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या धाग्यापेक्षा अतिशय बारीक धाग्याचे बळ, तेवढ्याच छेदाच्या हिशेबाने, जवळजवळ २० पट भरले. काच मुळात दुबळी नव्हती. तिच्यातील सूक्ष्म तडे तिला दुबळी करीत होते. १९२० मध्ये त्यांनी मांडलेला सिद्धान्त जमाखर्चासारखा आहे. तडा वाढला की वस्तूत साठलेली ताणाची ऊर्जा मोकळी होते, ही जमा. तड्याचे नवे पृष्ठ तयार होण्यास ऊर्जा लागते, हा खर्च. जमा खर्चापेक्षा वरचढ झाली की तडा आपोआप धावत सुटतो. कारागिराच्या रेघेचे रहस्य ते हेच!

धातू काचेइतका ठिसूळ नसतो. तेथे तडा हळूहळू वाढतो. ह्याची जबर किंमत १९५४ मध्ये मोजावी लागली. जानेवारी व एप्रिल महिन्यांत ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमाने आकाशात फुटली आणि ५६ जण मृत्युमुखी पडले. फार्नबरो येथेच एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून आतील दाब पुनःपुन्हा वाढवून-उतरवून पाहिला, तेव्हा तोही फाटला. पत्रा कापून केलेल्या खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळ, जेथे ताण एकवटतो तेथे, तडे वाढत गेले होते. त्या विमानांचे चकचकीत अंग पाहून प्रवाशांना ह्याची कल्पना यावी कशी?

आजही भिंग घडवताना जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत क्रमाने जावे लागते. प्रत्येक पायरीने मागील पायरीची इजा जेवढी खोल गेली असेल, तेवढा थर काढावाच लागतो. एखादी पायरी उरकून टाकली तरी शेवटी तकाकी येतेच. परंतु आतले तडे तसेच राहतात. मग प्रखर लेसर किरण त्या भिंगातून जाऊ लागले, की नुकसानीला नेमका तेथूनच आरंभ होतो.

ह्या साऱ्या इतिहासाचा बोध एवढाच. तकाकी हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. इजा झाकणे आणि इजा काढणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतली दुसरी करायची तर पायऱ्या गाळून चालत नाही.