जमीन न विकणाऱ्या बापाची गोष्ट

रामनवमी आहे, १६ एप्रिल १९२१. पुण्याहून पौडमार्गे चालत तुम्ही मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात, मुळशीत, शिरला आहात. ऊन अजून डोक्यावर यायचंय, पण वारा आत्ताच गरम लागतो. वाटेच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं कोरडी पडलीत आणि त्यांत मधेमधे काळे पट्टे दिसतात. शेण, पालापाचोळा, झाडांचे टाहळे पसरून राब भाजलाय. पावसाच्या तोंडावर याच राखेत भात पेरायचा, रोप वीतभर झालं की उपटून चिखलात लावायचं. हा आंबेमोहोराचा मुलूख. ही जमीन पाण्याखाली जाणार हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे, तरी राब भाजलेला आहे. भाषणं ऐकण्याआधी हे नीट पाहून घ्या.

पुढे गर्दी आहे. हजाराच्या वर मावळे सत्याग्रहासाठी धरणाच्या कामावर येऊन नुसते बसलेत. मुंडाशी, घोंगड्या, कमरेला कोयती अडकवायची रिकामी आकडी. बायकाही आहेत, कडेवर पोरं घेऊन. घोषणा एकच: जान किंवा जमीन. तुम्हीही बसा, जागा करून देतील. शेजारची म्हातारी विचारेल, "पावनं, कुठल्या गावचं?" पुण्याचं नाव काढलंत तर ती क्षणभर गप्प होईल. तिच्या जमिनीचा कागद पुण्यातल्या सावकाराच्या पेटीत आहे. तिचं ते गप्प होणं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टाटांच्या कंपनीला इथे धरण हवंय. पाणी अडवायचं, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला न्यायचं, कोकणात भिऱ्याला खाली सोडायचं आणि त्यातून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. पन्नासच्या आसपास गावं आणि सुमारे ११,००० माणसं या हिशेबाच्या आड येतात. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार दिला, एका खासगी कंपनीसाठी. कायद्याचे सोपस्कार पुरे होण्याआधीच लोकांच्या शेतात चर खणायला सुरुवात झाली होती. एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तेव्हा गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. या झटापटीत पिस्तूल पहिल्यांदा कुणाच्या हातात दिसलं, हेही विसरू नका.

आज मात्र काम थांबलंय. लढ्याचे एक पुढारी विनायकराव भुस्कुटे आणि पुण्याहून आलेले कार्यकर्ते माणसांमधून फिरताहेत. थोड्याच दिवसांत कंपनी सहा महिने काम तहकूब करायला कबूल होईल. भाताचं एक पीक तरी पदरात पडेल. बसून राहिलेल्या माणसांनी टाटांचं काम थांबवलं, ही बातमी महाराष्ट्रभर जाईल.

आता थोडे पुढे या. सहा महिने सरले, काम पुन्हा सुरू झालं, धरपकडही. ज्याला पाहायला तुम्हाला आणलं तो माणूस इथे भेटतो. पांडुरंग महादेव बापट, पारनेरचा, वय चाळिशीच्या वर. शिष्यवृत्तीवर विलायतेला गेला, एडिंबरोत शिकायचं सोडून पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या घेतली, परतून भूमिगत राहिला, तुरुंगात गेला. सुटल्यावर काय केलं? हातात झाडू घेतला. रस्ते झाडायचे हा त्याचा रोजचा नेम झाला. १९२० मध्ये मुंबईत झाडू-कामगार मित्रमंडळ काढून सफाई कामगारांचा संप लढवला, आणि तिथून तो मुळशीत आला. 'सेनापती' हे नाव त्याला याच खोऱ्याने दिलं. त्याच्याकडे सत्ता नव्हती. पण मजुराच्या हातातला झाडू आणि कुळाच्या पायाखालची जमीन यांची लढाई एकच आहे, हे त्याला पुस्तकं वाचून कळलं नव्हतं, स्वतः झाडून कळलं होतं. माझ्या मते महाराष्ट्रातला समाजवाद पक्षांच्या नावांत येण्याआधी असा हाताने करून पाहिला गेला.

सिनेमा त्याला कसा दाखवेल याचा विचार मी नेहमी करतो. आपल्या पडद्यावर कामगारांचा पुढारी म्हटलं की १९७९ च्या 'सिंहासन'मधला डिकास्टा डोळ्यांपुढे येतो. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि सतीश दुभाषींनी उभा केलेला तो पुढारी. मुंबई बंद पाडू शकणारा हा माणूस पाहताना जॉर्ज फर्नांडिसांची आठवण न झालेला प्रेक्षक त्या काळी क्वचितच असेल. सिनेमा थोरच आहे. पण त्यात कामगाराचं घर जितकं दिसतं, त्याहून कितीतरी जास्त मंत्रालय दिसतं. पुढाऱ्याला आपण त्याच्या ताकदीवरून मोजतो: किती माणसं जमवली, कुणाची खुर्ची हलवली. या मोजमापात मुळशीचा सेनापती बसणार नाही. त्याच्या हुकमतीखालचं जगणं पाहायचं तर सत्याग्रहींबरोबर एक दिवस काढावा लागतो. पहाटे उठायचं, झाडायचं, भाकरी बांधून घ्यायची, कामावर जाऊन बसायचं, पकडलं तर तुरुंगात जायचं, सुटलं की परत यायचं. या लढ्यात तीन वेळा तो स्वतः तुरुंगात गेला.

आणि हरायचंही. तेही डोळ्यांनी पाहा. १९२२ उलटता उलटता खोऱ्यातली हवा बदलते. आता त्या म्हातारीची आठवण काढा. मावळातल्या कितीतरी जमिनी सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्याच नावावर झाल्या होत्या. सावकार राहतात पुण्यात. त्यांच्या लेखी जमीन म्हणजे रक्कम. भरपाईचा आकडा पटला की त्यांचा विरोध मावळतो. कुळाला मात्र जमिनीऐवजी काहीच चालत नाही. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा, आणि वाटाघाटी होतात त्या पैशाच्या. सत्याग्रहाचे शहरी पुढारीही बहुतेक त्याच पुण्याच्या पांढरपेशा वर्गातले होते, ज्यात हे सावकार होते. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं, पण त्यांच्या अभ्यासातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: टाटा आणि सरकार यांच्याइतकंच, आपल्यातल्या आपल्यात कोण कुणाच्या जिवावर जगत होतं हे त्यांनी मांडलं.

९ डिसेंबर १९२४. तुम्ही रुळांजवळच्या झुडपांत आहात. थंडी आहे. गावं उठू लागलीत, भरपाया वाटल्या गेल्यात, माणसं पांगलीत. बापट आणि मोजके साथीदार रुळांवर दगड रचतात. कंपनीच्या मजुरांना घेऊन येणारी गाडी थांबते आणि गोळी सुटते. आता पिस्तूल मुळशीच्या बाजूनेही निघालं. बापट याला शुद्ध सत्याग्रह म्हणतात. गांधींच्या अहिंसेत तो बसत नाही, आणि त्याची झळ त्या गाडीतल्या गरीब मजुरांनाही लागली असती, हे तुम्ही तिथे उभे राहून पाहता तेव्हा अंगावर काटा येतो. मीही इथे त्यांच्या बाजूने बोलू शकत नाही. सात वर्षांची शिक्षा होते. कॅमेरा नेमका हाच प्रसंग घेईल याची मला खात्री आहे, कारण यात आगगाडी आहे, धूर आहे, गोळी आहे. पण हा प्रसंग येतो सगळं हातचं गेल्यावर, एकटं पडल्यावर. तो आधी दाखवला तर बापट नुसता शूर दिसेल आणि मावळे त्याच्यामागची गर्दी.

१९२७ मध्ये थांबू नका फार. भिऱ्याचं वीजघर चालू झालंय. गिरण्यांची चाकं फिरताहेत. ज्या खाचरात तुम्ही राब पाहिला त्यावर पाणी आहे.

२३ नोव्हेंबर २०१८. तुम्ही चित्रपटगृहात आहात आणि पडद्यावर प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आहे. मोहन जोशींचा सखाराम जमीन विकून बसलाय. पैसा आला तसा गेला, आणि आता तो पहारेकरी आहे. मग पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली, आणि मुलगा राहुल, म्हणजे ओम भूतकर, गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला. मुळशी, हिंजवडी, मावळ भागातली पोरं हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहायला गेली, कारण बंगल्यांच्या कुंपणामागे गेलेली जमीन त्यांनी रोज येता-जाता पाहिली होती. बापाने जमीन विकली हा त्या सिनेमाचा घाव आहे, आणि तो खरा आहे.

पण तुम्ही नुकतेच १९२१ मधून आला आहात. तुम्हाला ठाऊक आहे की याच तालुक्यात सखारामच्या पणज्याच्या वयाची माणसं जमीन विकायला तयार नव्हती, म्हणून तुरुंगात गेली. त्यांच्याकडून ती कायद्याने घेतली गेली, आणि भरपाईचा मोठा वाटा सावकारांकडे गेला. जमीन गेली की हातात पैसाच राहतो, आणि तोही टिकत नाही, हा धडा मुळशीने शंभर वर्षांपूर्वी गिरवला होता. २०१८ च्या पोरांना तो कुणी सांगितला नाही. राहुलच्या हातात शस्त्र येतं तेव्हा प्रेक्षक शिट्ट्या वाजवतात. त्यातल्या एकाने जरी रुळांवरचा बापट आधी पाहिला असता, तर शस्त्र कशासाठी उचलायचं आणि कुणावर, हा प्रश्न त्याला पडला असता असं मला वाटतं.

मुळशी सत्याग्रहावर कुणी सिनेमा काढणार असेल तर त्याला माझी एवढीच विनंती आहे. आगगाडीपासून सुरुवात करू नका. पहिला प्रसंग पुण्यातल्या सावकाराच्या वाड्यात घ्या: गहाणखतांची पेटी उघडलेली, समोर भरपाईचा हिशेब, आणि ओसरीखाली, वर बोलावलं जाण्याची वाट पाहत उभा असलेला मुळशीचा एक बाप. बापटांचा झाडू त्यानंतर येऊ द्या.