उंबरठा ओलांडलेले पिल्लू : पेण-रोह्यातील श्वानशिक्षणाचा मागोवा

पेण आणि रोहा तालुक्यांत कुत्रे पाळण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पिल्लाला घरात घेऊन रीतसर वळण लावण्याची चाल मात्र फार तर गेल्या तीस-चाळीस वर्षांतली. आधीच्या काळी पिल्ले अडाणी राहत होती असे अजिबात नाही. त्यांच्या शिक्षणासाठी कोणी वेगळा वेळ काढत नव्हते, इतकेच. हा बदल समजून घ्यायचा तर कुत्र्याकडे पाहण्याआधी घराकडे पाहावे लागते.

या भागातले जुने घर अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि परसदार अशा क्रमाने आत जाते. कुत्र्याची हद्द अंगणापासून पडवीपर्यंत. ओटीवर ते चढले तर ओरडा खाई आणि माजघरात शिरले तर मार. सोवळे पाळणाऱ्या घरांत हा नियम अधिक कडक होता, पण पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खार जमिनीच्या पट्ट्यातल्या, आगरी घरांतही कुत्रे बाहेरच असे. धर्माचाराची चौकटही हीच होती. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, पितृपक्षात गोग्रास आणि काकबळीबरोबर श्वानबळीही काढला जातो, पण तो घास ठेवायचा तो दाराबाहेर. कुत्र्याला मान होता, आत जागा नव्हती. साहजिकच आजच्या शिकवणीतला सर्वांत मोठा धडा, म्हणजे घरात घाण न करणे, तेव्हा उद्‌भवतच नव्हता.

गावठी कुत्र्यांची वीण बहुतेक पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या सुमारास होते. कोकणात तेव्हा भातकापणी आटोपून झोडणीचे दिवस असतात. खळ्यालगतच्या पेंढ्यात कुत्री व्याली की त्यातले एखादे पिल्लू घरी ठेवायचे, एखादे शेजारी किंवा सोयऱ्याकडे द्यायचे. निवडीचे ठोकताळे ठरलेले होते. वीस नखांचे पिल्लू तिखट निघते, मानगुटीला धरून उचलल्यावर जे केकाटत नाही ते राखणीला चांगले, असा समज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. मागच्या पायाला असलेले जादा नख हा केवळ आनुवंशिक योगायोग, त्याचा धाडसाशी काही संबंध नाही. न केकाटणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत मात्र निरीक्षण अगदीच वाया गेलेले नव्हते. धरल्यावर पिल्लू कितपत शांत राहते हे आजचे पारखी लोकही पाहतात. कान कापले की कुत्रे रागीट होते हा समज मात्र क्रूर आणि निरुपयोगी, दोन्ही होता.

पिल्लाला मिळे ते घरातले उरलेसुरले: भाकरीचा तुकडा, पेज, कधी सुकटीचा भात. शिक्षणाची भाषा तीन-चार आवाजांची होती. जेवण घालताना ‘यू यू’, हाकलताना ‘हाड’, अंगावर सोडताना ‘छू’, आणि मोती, खंड्या, वाघ्या, राजा यांपैकी एखादे नाव. यातल्या ‘यू यू’मागची रीत शास्त्रशुद्ध म्हणावी अशी होती. रोज एकाच वेळी, एकाच आवाजापाठोपाठ अन्न मिळाले की पिल्लू आठवड्याभरात हाकेला धावून येऊ लागते. बाकीचा अभ्यासक्रम म्हातारे कुत्रे घेत असे. कोणावर भुंकायचे, कोणाला जाऊ द्यायचे, रात्री कुठल्या कोपऱ्यावर बसायचे, वाळत घातलेल्या मासळीला तोंड लावले की काय होते, हे सगळे पिल्लू त्याच्या मागे हिंडून शिके. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण ज्या समाजात रूढ होते, त्याने शिकवण्याच्या खटाटोपावर फारसा विश्वास ठेवलेला नसतो.

याला मोठा अपवाद पारधीचा. रोहा, पेण, सुधागडच्या डोंगरांतल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर कुत्रे कामाचे जनावर होते, आणि कामाच्या जनावराला शिकवावेच लागते. शिकाऊ पिल्लाला एकट्याने रानात सोडत नसत. मुरलेल्या कुत्र्याच्या जोडीने न्यायचे, आधी ससा-घोरपडीच्या मागावर आणि अंगात बळ आल्यावर डुकराच्या. शिकारीतला वाटा कुत्र्याला जागेवरच मिळे, त्यामुळे श्रम आणि बक्षीस यांत अंतर पडत नसे. कोकणात शिमग्याच्या सुमारास गावाने मिळून पारधीला जाण्याची प्रथा होती, तीत हाकाऱ्यांबरोबर गावची कुत्रीही असत. मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या हद्दीवरचे फणसाडचे जंगल तर जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य जाहीर झाले. जंगलाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. त्याच्याबरोबर पिल्लू शिकवण्याची या भागातली एकमेव खरीखुरी परंपराही आटत गेली, आणि ती लिहून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही.

राजदरबारात मात्र या विषयाला ग्रंथात जागा मिळाली होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ नावाचे प्रकरण आहे, आणि ते शिकारी कुत्र्यांविषयी आहे. पेण-रोहा ज्या रायगड जिल्ह्यात येतात, तिथले सर्वांत प्रसिद्ध कुत्रे मात्र ग्रंथातले नाही, दंतकथेतले. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या वाघ्याला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने ही कथा घरोघर नेली आणि १९३६ मध्ये होळकरांच्या देणगीतून रायगडावर त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळा असावा की नसावा हा वाद अजून मिटलेला नाही. वाघ्याच्या कथेत निष्ठा आहे, शिक्षण कुठेही नाही. कुत्रा जन्मतःच इमानी असतो, त्याला शिकवायचे काय, हे लोकमानस त्यातून नेमके दिसते.

इंग्रजी अमलात कुत्र्याकडे नगरव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले जाऊ लागले. मुंबईत भटकी कुत्री मारण्याबद्दल बक्षीस दिले जाई. त्या मोहिमेविरुद्ध ६ जून १८३२ रोजी पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने लहान शहरांच्या पालिकांनाही कुत्र्यांवर कर बसवण्याची मुभा दिली. पाळीव आणि भटके अशी कागदोपत्री विभागणी इथून रुजली. गावात ती कधीच नव्हती: अंगणात येणारे कुत्रे थोडेसे सगळ्यांचेच असे.

कुत्रे शिकवणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे, ही जाणीव मराठी समाजाला पोलिसांमुळे झाली. मुंबई पोलिसांचे श्वानपथक डिसेंबर १९५९ मध्ये तीन डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झाले. पुढे पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात राज्यभरातली पोलिसी कुत्री तयार होऊ लागली. याच केंद्रात शिकलेला ‘झंजीर’ हा लॅब्राडोर रायगडच्या इतिहासाशी दुरून जोडलेला आहे. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडी इथे स्फोटके आणि शस्त्रास्त्रे उतरवली गेली. १२ मार्चच्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर दडवलेले साठे हुडकण्यात झंजीरचा मोठा वाटा होता, आणि त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्सचा शोध सांगितला जातो. नोव्हेंबर २००० मध्ये तो वारला तेव्हा त्याला मानवंदना देण्यात आली. त्याला पुष्पचक्र वाहतानाचे छायाचित्र बरेच फिरले.

पोलिसी शिकवणीची मूळ पद्धत युरोपातली. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचे १९१० चे पुस्तक तिचा पाया मानले जाते; तीत पट्ट्याला हिसका आणि हुकूम यांवर भर होता. घरगुती पिल्लासाठी खरा बदल पुढच्या संशोधनाने घडवला. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांना आणि आवाजांना जितक्या सहज सरावते, तितके पुढे कधीच सरावत नाही. तोवर सहा महिन्यांच्या आत शिकवणी सुरू करू नये असा रिवाज होता. पशुवैद्य इयान डनबार यांनी १९८० च्या दशकात खाऊ देऊन, पट्टा न ओढता पिल्लांचे वर्ग घेण्याची पद्धत लोकप्रिय केली. गंमत अशी, की ‘यू यू’ म्हणत भाकरी टाकणारी बाई ढोबळमानाने याच तत्त्वावर चालत होती. पडवीतल्या पिल्लाला पोराटोरांचा आणि गुरांचा सराव तर पहिल्या महिन्यातच झालेला असे.

पेण-रोह्यात हे नवे ज्ञान पोहोचण्याआधी नवी कुत्री पोहोचली. रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत झाली, नागोठण्याला पेट्रोरसायनांचा प्रकल्प आला, पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा कारखाना उभा राहिला. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. बदलीवर आलेली कुटुंबे, त्यांच्या वसाहती आणि मागोमाग उठलेल्या इमारती यांनी घराचा नकाशाच बदलला. सदनिकेला पडवी नसते. अल्सेशियन किंवा पामेरियनचे पिल्लू थेट दिवाणखान्यात आले. २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पोरामागे चालणारा पग दिसू लागला आणि ती जात लहान गावांतही मागितली जाऊ लागली. उंबरठा एकदा ओलांडला गेल्यावर शिकवणी टाळता येण्याजोगी राहिली नाही.

आज या भागात पिल्लाचा पहिला धडा पाऊसच ठरवतो. जून ते सप्टेंबर बाहेर नेणे कठीण, म्हणून गॅलरीत वर्तमानपत्र पसरतात. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला तिथे नेऊन उभे करायचे. काम झाले की लगेच, त्याच जागी, ग्लुकोज बिस्किटाचा चिमूटभर तुकडा. बक्षीस खोलीत परत आल्यावर दिले तर पिल्लू खोलीत येण्याचा धडा शिकते. चूक झाल्यावर नाक घाणीत घासण्याची जुनी सवय अजून टिकून आहे. तिने पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर शू करू नये, मग ते पलंगाखाली जाते. दात येण्याच्या वयात ते हात चावते, तेव्हा ओरडण्याऐवजी हात थांबवून खेळ बंद करणे जास्त उपयोगी पडते. ‘थांब’ हा धडा गणेशोत्सवापर्यंत पक्का व्हावा अशी घरोघर घाई असते. मूर्तींचे गाव म्हणून नावाजलेल्या पेणमध्ये तरी मखर आणि मोदकांपुढे मोकळे पिल्लू कोणाला परवडत नाही. ढोल आणि फटाक्यांची सवयही त्याआधीच, दुरून आणि हळू आवाजापासून लावावी लागते.

कायदाही या वयाशी येऊन भिडला आहे. २०१७ च्या श्वानपैदास आणि विक्रीच्या नियमांनी आठ आठवड्यांखालच्या पिल्लाच्या विक्रीला मनाई केली. आईपासून लवकर तुटलेले पिल्लू चावण्याचा जोर आवरायला भावंडांकडून शिकत नाही, हे त्यामागचे एक कारण. खळ्यावरचे पिल्लू आईजवळ याहून जास्त काळ राहत असे. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात टोचली जाते, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा खाजगी डॉक्टरकडे. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये असे सांगितले जाते, आणि सरावाचे आठवडे नेमके तेव्हाच निसटत असतात. म्हणून त्या काळात त्याला कडेवर घेऊन बाजार, स्थानक आणि शाळेच्या सुटीची गर्दी दाखवून आणतात. वाड्या आणि खारेपाटातल्या गावांत पिल्ले अजून मोठ्या कुत्र्यांमागेच शिकतात, पण तिथेही दाराशी साखळी आणि गळ्यात पट्टा दिसू लागला आहे.